पिवळ्या ओढणीतले तांदूळ

बावीस वर्षं मी रक्ताच्या नळ्या हाताळते आहे. या बावीस वर्षांत रक्त माझ्याकडे आलं, मी कधी रक्ताकडे गेले नव्हते. पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत माझी खुर्ची खिडकीपासून लांब, मोठ्या शीतकपाटाच्या शेजारी आहे आणि ती मला आवडते. म्हणून २००६ च्या दिवाळीनंतर सर म्हणाले, "माधुरीताई, निखिलबरोबर तुम्हीही मुळशीला जा, नमुने नीट आले पाहिजेत," तेव्हा मी तोंड वाकडं केलं. मुळशी म्हणजे पुण्यापासून दीड तासाची वाट. लोक शनिवार-रविवार तिकडे भजी खायला जातात. मी एवढी वर्षं पुण्यात राहून एकदाही गेले नव्हते. आम्ही औशाची माणसं सहलीला जात नाही, लग्नाला जातो.

आधी कामाचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडे एका आजारावर संशोधन चालतं. त्याचं नाव लांबलचक आहे, ते राहू द्या. शरीराची राखण करणारी जी व्यवस्था असते ती या आजारात फिरते, राखणीचं कुत्रं घरच्यांनाच चावायला लागावं तशी. चावते ती कातडीला आणि स्नायूंना. पापण्या जांभळट होतात, बोटांच्या पेरांवर लाल, खवल्यांचे डाग येतात. उन्हात गेलं की ते वाढतात. मग मांड्या आणि खांदे दुबळे होतात. वेणी घालायला हात वर जात नाहीत, पाटावरून उठता येत नाही. वेळेवर ओळखलं तर गोळ्यांनी माणूस उभं राहतं, पण त्या गोळ्या महिनोन् महिने घ्याव्या लागतात आणि हळूहळूच कमी कराव्या लागतात.

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे तपासणीच्या नव्या पट्ट्या आल्या. पट्टी रोग्याच्या रक्तद्रवात भिजवली की कुठल्या प्रकारचं हे कुत्रं आहे ते रेघेवरून समजतं. आम्ही नव्या रोग्यांबरोबर गोठवून ठेवलेले जुने नमुनेही तपासले. एके दिवशी माझ्यासमोर दोन पट्ट्यांवर अगदी सारखी, क्वचितच दिसणारी रेघ उमटली. एक नमुना २००१ मधला, कोळवणच्या संगीता नावाच्या सतरा वर्षांच्या मुलीचा. ती दोन वर्षांनी यायची बंद झाली होती आणि फाइलीवर कुणीतरी "संपर्क नाही" लिहून ठेवलं होतं. दुसरा २००६ च्या जूनमधला, ताम्हिणीजवळच्या अश्विनी नावाच्या विवाहितेचा.

दोघी एकाच तालुक्यातल्या. डॉक्टर निखिल वर्षभरापूर्वी अमरावतीहून आमच्याकडे आलेले, वय तिशीचं, उत्साह उतू जाणारा. ते पट्ट्या घेऊन सरांच्या खोलीत धावले. मुळशीच्या मातीत, पाण्यात किंवा भातात काहीतरी आहे असं त्यांनी त्या दुपारीच ठरवून टाकलं. मग त्यांनी चार पानी प्रश्नावली केली आणि आमची वरात निघाली.

कोळवण

गाडी भाड्याची होती. तिचे चालक बबनराव हे पौडचेच, त्यामुळे वाटेतल्या प्रत्येक वळणाला त्यांचा कुणीतरी पाहुणा निघायचा. पौड सोडून कोळवणकडे वळलो आणि मी पहिल्यांदा गाडीची काच खाली केली. दोन्हीकडे डोंगर, मध्ये पिकलेल्या भाताचं पिवळं खोरं. काही शेतं कापलेली, काही उभी. मध्येच एखादं मोठं लोखंडी फाटक, आत हिरवळ आणि कुलूप. ही शहरातल्या लोकांची शेतघरं. "मालक दिवाळीला येत्यात आन् होळीला," बबनराव म्हणाले. आमच्याकडे इतकी हिरवळ दिसली तर लोक तिच्यावर म्हशी सोडतील.

संगीताचं घर सापडायला वेळ लागला नाही. तिची आई, अनसूयाबाई, खळ्यावर भात झोडत होत्या. भाताची पेंढी डोक्यावर उचलायची, दगडावर आपटायची आणि दाणे झडले की पेंढा बाजूला टाकायचा. मी वहाणा खळ्याबाहेर काढल्या, कारण ज्वारीच्या खळ्यावरही आम्ही पायात काही घालून जात नाही. डॉक्टर निखिल बूट घालून थेट राशीपर्यंत गेले.

"ओ साहेब, पायातलं भाईर," अनसूयाबाई पेंढी खाली न ठेवताच म्हणाल्या.

डॉक्टर एका पायावर उड्या मारत परतले. बाईंनी माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं आणि मला बसायला पोतं टाकलं. डॉक्टरांना ते मिळालं नाही.

प्रश्नावली सुरू झाली. पाणी कुठलं पिता? "इहिरीचं." भातावर काय फवारता? "हितं चार महिनं पाऊस हाय. कोन फवारतंय आन् काय ऱ्हातंय?" डॉक्टर गंभीरपणे लिहून घेत होते. शेवटी ते मुद्द्यावर आले. संगीता कुठे आहे?

"दिली."

"कुठे?"

"लांब."

पेंढी दगडावर जरा जोरात आपटली. मग बाई स्वतःच बोलायला लागल्या, माझ्याकडे बघून. "बाई, गोळ्यांनी पोरीचं तोंड भोपळ्यावानी झालं व्हतं. बघाया आलेला पोरगा चहा न पिता माघारी जायाचा. तीन येळा झालं. मंग येके दिशी मीच समद्या गोळ्या चुलीत टाकल्या."

डॉक्टरांनी डोक्याला हात लावला. मी विचारलं, "आणि मग?"

"मंग काय. सूज उतारली. बरी व्हती की पोर. दोन सालांत काय बी झालं न्हाई. लगीन करून दिलं."

"सासरी सांगितलंय?"

त्यांनी हात थांबवला. "तुमाला लेक हाय?"

"आहे."

"मंग इचारता कशाला?"

डॉक्टरांनी त्यांना समजावून सांगितलं की गोळ्या अशा एकदम बंद करणं फार धोक्याचं असतं, ती वाचली हे नशीब. ते रागावून बोलत नव्हते, पण घाबरून बोलत होते हे मला कळत होतं. अनसूयाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "तिला हुडकू नका. तिच्या घरात कुनाला ठाव न्हाई. ठाव झालं तर पोर माघारी येईल." डॉक्टरांनी शब्द दिला की शोधणार नाही. मीही मान हलवली.

तुलनेसाठी आईचंही थोडं रक्त हवं होतं. "झोडनीत रगत काढून कसं चालंल?" म्हणून त्यांनी ते नाकारलं, आणि ते बरोबरच होतं. निघताना मात्र त्या घरात जाऊन आल्या आणि नव्या आंबेमोहोराची पुरचुंडी माझ्या हातात ठेवली. जुन्या पिवळ्या ओढणीचा तुकडा, त्यावर हिरव्या पोपटांची नक्षी. गाठ मारलेली असूनही तांदळाचा वास येत होता. "रिकाम्या हातानं जाऊ ने," त्या म्हणाल्या. बूटवाल्या डॉक्टरांनाही द्रोणभर कैरीचं लोणचं मिळालं, म्हणजे त्यांचा राग तेवढाच होता.

रात्री मुक्काम पौडला. तिथल्या डासांविषयी मी लिहिणार नाही.

धरणाच्या कडेनं

सकाळी थंडी होती. मुळशीचं धरण लागलं आणि मी पुढे वाकून बघायला लागले. डोंगराच्या प्रत्येक घळीत पाणी शिरलेलं, त्यावर पातळ धुकं. आमच्या औशाला उन्हाळ्यात टँकर आला की अख्खी गल्ली घागरी घेऊन पळते. इतकं पाणी नुसतंच पडून आहे हे बघून मला जरा रागच आला. तसं मी बोलून दाखवलं.

"दिसतंय लई, ताई," बबनराव म्हणाले. "पर वीज मुंबईला जाती. फाल्गुनापासनं वरच्या वाडीच्या बायका हंडा घेऊन दोन मैल चालत्यात. धरन डोळ्यापुढं, आन् घसा कोरडा." मग मी टँकरची बढाई मारणं थांबवलं.

धरणाच्या भिंतीपुढे रस्त्याकडेला मासे विकणारे बसले होते. बबनराव पाच मिनिटं थांबू म्हणाले आणि वीस मिनिटांनी आले. मी तोवर गवतात उरलीसुरली सोनकीची पिवळी फुलं बघत होते. डॉक्टर पुढच्या सीटवर लिंबू हुंगत डोळे मिटून बसले होते, कारण घाटाची वळणं त्यांना सोसत नव्हती. अमरावतीला रस्ते सरळ असतात असं त्यांनी मला तीनदा सांगितलं.

ताम्हिणी

अश्विनीचं घर रस्त्यावरून थोडं खाली, शेणानं सारवलेलं स्वच्छ अंगण. नवरा लवळ्याला एका कॉलेजच्या कँटीनमध्ये स्वयंपाकी आहे आणि आठवड्यातून एकदा एसटीनं घरी येतो. घरात ती आणि सासू पार्वतीबाई. सासूबाई उंच, सडसडीत, आवाज घाट ओलांडून जाईल असा. अश्विनी हळू बोलणारी. तोंडावर गोळ्यांची किंचित सूज होती, पण पापण्यांचा जांभळा रंग जवळजवळ गेला होता.

डॉक्टरांनी तिला जमिनीवर बसून उठायला सांगितलं. एक हात टेकून ती उठली. "जूनमध्ये हिला दोघांनी धरून उठवावं लागायचं," ते मला म्हणाले. त्यांना खरंच आनंद झाला होता, आणि मलाही. मी या बाईला नळीवरच्या आकड्यानं ओळखत होते. तो आकडा अंगणात उभा राहून पदर सावरत होता.

मग पुन्हा प्रश्नावली. पाणी झऱ्याचं. फवारणी नाही. "लग्नाआधी असं काही झालं होतं? डाग, अशक्तपणा, काहीही?"

"न्हाई," अश्विनी म्हणाली.

"उत्तम. मग हा पहिलाच झटका, आणि लवकर सापडला. असंच चाललं तर दोन महिन्यांत गोळ्या कमी करत बंद करू."

"म्हंजी पुढं पाळना हालवाया हरकत न्हाई?" पार्वतीबाईंनी विचारलं.

"गोळ्या बंद झाल्या की काहीच हरकत नाही," डॉक्टर हसून म्हणाले. अश्विनीही खाली बघून हसली.

मी रक्त घ्यायच्या तयारीला लागले. बर्फाच्या पिशव्या काढायला थर्मोकोलची पेटी उघडली, तर आतून पाच चिलापी मासे माझ्याकडे डोळे वटारून बघत होते. पेटी रिकामीच आहे, काल कुणाचं रक्त मिळालं नाही, असा हिशेब बबनरावांनी केला होता. बावीस वर्षांत त्या पेटीला मी कुणाला विचारल्याशिवाय हात लावू दिला नव्हता. मी बबनरावांना जे बोलले ते इथे लिहीत नाही. पार्वतीबाई मात्र पोट धरून हसल्या, मासे उचलून घेतले आणि म्हणाल्या, "आता जेवल्याबिगर जायाचं न्हाई. मी साफ करतेय." पेटी उकळत्या पाण्यानं तीनदा धुतली, तरी वास गेला नाही. शेवटी बबनराव वरच्या ढाब्यावरून थर्मासभर बर्फ घेऊन आले.

या गडबडीत मी अश्विनीचा डावा हात पुढे घेतला, बाही वर सारली आणि थांबले.

कोपराच्या खाली विंचू गोंदलेला होता. जत्रेत गोंदून घेतात तसला हिरवा विंचू, पण शेपटी अर्धीच. नांगी नव्हतीच. हा विंचू मी आदल्या दिवशीच, गाडीत फाइल चाळताना पाहिला होता. संगीताच्या जुन्या फाइलीत पेरांवरचे डाग दाखवणारा फोटो चिकटवलेला आहे, त्यात सगळा हात आला आहे. डॉक्टरांनी तो फोटो दहादा बघितला, पण त्यांचं लक्ष डागांवर. आणि जूनमधले नवे फोटो नुसत्या बोटांचे आहेत.

मी रक्त घेतलं. पण डोक्यात सगळं एका झटक्यात सरळ झालं. दोन रोगी नव्हतेच. कोळवणची संगीता लग्न होऊन ताम्हिणीला आली आणि अश्विनी झाली. जूनमध्ये अश्विनीचा कागद माझ्याकडे आला तेव्हा त्यावर पतीचं नाव होतं, सासरचं गाव होतं, वय दोन वर्षांनी कमी करून लिहिलेलं होतं. माहेरचं नाव विचारायला आमच्या फॉर्ममध्ये जागाच नव्हती. नवं नाव बघून मी नवा क्रमांक दिला. मीच दिला. आणि मी कोण? औशाची कावेरी. लग्नात तांदळाच्या ताटात नवऱ्यानं अंगठीनं 'माधुरी' लिहिलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईवडील गेल्यावर मला कावेरी म्हणणारं कुणी उरलं नाही. इतर कुणाच्या नाही, निदान माझ्या तरी हे लक्षात यायला हवं होतं. मला स्वतःची लाज वाटली.

पण लाजेपेक्षा भीती मोठी होती. हा पहिला झटका नव्हता. एकदा गोळ्या तोडल्यावर तीन वर्षांनी उलटून आलेला आजार होता. पहिलाच समजून डॉक्टर दोन महिन्यांत गोळ्या बंद करणार होते, आणि तसं केलं तर ही मुलगी परत कोसळण्याची शक्यता होती. ते त्यांना सांगावं, तर सासूसमोर तिचं घर मोडेल. न सांगावं, तर अंग मोडेल.

मासे साफ करायला पार्वतीबाई मागच्या दारी गेल्या. डॉक्टर अंगणात झऱ्याचं पाणी बाटलीत भरून घेत होते. मी शाकाहारी, म्हणून अश्विनी माझ्यासाठी कुळथाचं पिठलं लावायला चुलीपाशी बसली. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. पिशवीतली पिवळी पुरचुंडी काढून तिच्यापुढे ठेवली.

"कोळवणच्या एका आईनं दिलेत," मी म्हणाले.

ती त्या पोपटांकडे बघत राहिली. पिठल्याला उकळी आली तरी तिनं पळी हलवली नाही. मग अगदी हळू विचारलं, "आय बरी हाय का?"

"बरी आहे. भात झोडत होती."

"एकलीच?"

"एकटीच."

तिनं ओढणीची गाठ सोडली, तांदूळ ओंजळीत घेतले आणि वास घेतला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि माझ्याही. धूर होता, पण तो एवढा नव्हता.

"आम्ही तुला शोधायला आलो नव्हतो," मी म्हणाले. "तुझ्या आईला शब्द दिलाय. पण बाळा, डॉक्टर तुझ्या गोळ्या बंद करणार आहेत ते चुकीच्या माहितीवर. तू सांगितलंस तर ते सावकाश जातील, दुसरी गोळी जोडतील. वेळ लागेल, पण तू उभी राहशील."

"किती येळ?"

"वर्ष, दीड वर्ष. मी डॉक्टर नाही."

"आत्याबाई थांबायच्या न्हाईत तेवढं. आन् आदीचं कळलं तर..." तिनं वाक्य सोडून दिलं. "ताई, तुमी न्हाई ना सांगनार?"

मी म्हणाले की आत्ता सांगणार नाही, पण पुण्याला पोचल्यावर गप्प बसणं मला जमणार नाही, आणि ते तिला आधीच सांगते आहे. तिनं ओढणीतले मूठभर तांदूळ धुतले आणि माझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात भात लावला.

पंगत ओटीवर बसली. डॉक्टरांच्या आणि बबनरावांच्या ताटात माशाचं कालवण आणि तांदळाची भाकरी, माझ्या ताटात पिठलं, भाकरी आणि तो भात. आमच्याकडे भाकरी ज्वारीची, जाड, पापुद्रा सुटलेली. ही पांढरी आणि मऊ, दोन बोटांत घडी होणारी. मी तिला नावं ठेवणार होते, पण तीन खाल्ल्या. कालवण वाढता वाढता पार्वतीबाई माझ्या पातेल्यापाशी थांबल्या.

"ह्यो तांदूळ आपला न्हवं," त्या म्हणाल्या. "आपला जाडा. ह्यो कोळवनचा आंबेम्होर हाय." त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. "काल कुनाकडं गेला व्हता तुमी?"

डॉक्टरांचा घास तोंडातच राहिला. त्यांना खरोखरच काही माहीत नव्हतं, पण दिलेला शब्द आठवून ते कावरेबावरे झाले. मी ताटात बघत बसले.

"माझ्या आयकडं," अश्विनी म्हणाली.

ती दारात उभी होती, भिंतीला टेकून. मग तिनं सगळं सांगितलं. सतराव्या वर्षीची पुण्याची फेरी, गोळ्या, सुजलेलं तोंड, चूल. बोलताना एकदाही अडखळली नाही. डॉक्टर आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे बघत होते. त्यांची चार पानं कालवणाच्या वाटीखाली भिजत होती.

पार्वतीबाई कालवणाचं भांडं घेऊन उभ्याच होत्या. ते त्यांनी खाली ठेवलं.

"लबाडी केली तुज्या आयनं," त्या म्हणाल्या. "ते मी तिच्या दारात जाऊन तिला सांगनार हाय. सोडनार न्हाई." अश्विनीनं मान खाली घातली. "आन् डाक्टर, तुमी आता काय त्या गोळ्या बंद करायच्या न्हाईत. करायच्या तवा करा. पाळना काय पळून जात न्हाई."

"आत्याबाई..."

"गप. लोकाच्या ताटात भाकर न्हाई, तिकडं बघ." त्या भाकरीची टोपली घेऊन वळल्या आणि माझ्या ताटात चौथी टाकली. मग माझ्याचकडे बघून, जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "माजं म्हायेरचं नाव चंद्रभागा. ह्या घरात चाळीस सालं झाली, येकानं बी इचारलं न्हाई."

"माझं कावेरी," मी म्हणाले.

अश्विनी आम्हां दोघींकडे बघत होती. तिनं स्वतःचं नाव सांगितलं नाही, पण आता ते सांगायची गरज नव्हती.

जेवण झाल्यावर डॉक्टरांनी तिला पुन्हा समोर बसवलं, जुनी आणि नवी फाइल मांडीवर ठेवली आणि तासभर बोलत राहिले. गोळ्या किती सावकाश कमी करायच्या, दुसरी कुठली जोडायची, उन्हात कामाला जाताना हात कसे झाकायचे, मूल हवं असेल तेव्हा आधी काय विचारायचं. पार्वतीबाई प्रत्येक वाक्याला "व्हय" म्हणत होत्या, जणू परीक्षा त्यांचीच होती.

परत

परतताना डॉक्टर भिजलेली प्रश्नावली मांडीवर वाळवत बसले होते. मुळशीच्या मातीत काही नव्हतं, पाण्यात नव्हतं, भातात नव्हतं. दोन रोगी गेले, एक उरली. घाटाच्या माथ्यावर आम्ही भजी खायला थांबलो तेव्हा त्यांनी झऱ्याच्या पाण्याच्या बाटल्या गटारात ओतल्या आणि खो-खो हसत सुटले. "ताई, मी काय हो सरांना तोंड दाखवू?"

"पाच वर्षांपूर्वीचा आणि आजचा, एकाच माणसाचा नमुना आहे तुमच्याकडे," मी म्हणाले. "आजार कसा थांबतो आणि कसा उलटतो ते एका रक्तात दिसेल. ते दाखवा." त्यांनी भजं हातात धरून विचार केला आणि मग दुसरी प्लेट मागवली.

माझ्या पेटीला अजून माशांचा वास येतो. प्रयोगशाळेत गेल्यावर मी दोन नळ्या एका खणात शेजारी ठेवल्या आणि दोन क्रमांकांचा एक केला. फॉर्ममध्ये एक ओळ वाढवायला लावली: माहेरचं नाव व गाव. सरांनी विचारलं, पुरुषांचं काय? मी म्हटलं, त्यांची नावं कुणी बदलत नाही, त्यांची काळजी करू नका. हे सगळं मी तिच्या परवानगीनं लिहिते आहे. संगीता आणि अश्विनी, दोन्ही नावं तिची खरी नाहीत, आणि तिच्या घरच्यांचीही मी बदलली आहेत. इथे तिला मी आणखी दोन नावं दिली, त्याबद्दल ती मला माफ करील.

माघ महिन्यात एका दुपारी प्रयोगशाळेतला फोन वाजला. आमच्या इथल्या मुलीनं उचलला, ऐकलं आणि म्हणाली, "नाही हो, राँग नंबर. इथे कावेरीताई नावाचं कुणी नाही."

मी खुर्चीतून उठून रिसीव्हर तिच्या हातातून घेतला.

"ताई, आज हात न टेकता उठले," पलीकडून आवाज आला. "पाटावरनं. आत्याबाई आन् आय दोगी बघत व्हत्या. आय आलीया रहायला. दोगी भांडत्यात, पर एका ताटात जेवत्यात. कावेरीताईच बोलताय न्हवं?"

"हो," मी म्हणाले. "मीच कावेरी."